बांध, खार, घाट, माची: शब्दाचा अर्थ जागेवरून कसा लावायचा

जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद), किल्ल्याची वाट किंवा गावाचे वर्णन वाचताना शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नका. आधी शब्दाजवळचे क्रियापद बघा, कारण माणसाचे काम कुठले आणि जमिनीची मूळ ठेवण कुठली, हे तिथेच कळते. बांध घालतात, भराव टाकतात, चर खणतात. खिंड 'ओलांडली' असेल तर ती मूळचीही असू शकते. 'फोडली' असेल तर सुरुंग लागलेत. वर आकाश उघडे राहिले तर खिंड, डोंगर डोक्यावर राहिला तर बोगदा. ठाण्याजवळचा पारसिकचा १९१६ सालचा रेल्वेमार्ग, तो बोगदाच.

मग पाणी गोडे की खारे ते बघा. ठाणे-बेलापूरच्या खाडीकाठी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शेताचा बांध दोन खाचरांमधला, फार तर गुडघाभर. तो पाणी आत धरतो. खाडीचा बांध भरती बाहेर ठेवतो, म्हणून तो चिखलमातीचा, बुडाशी रुंद आणि खाडीच्या अंगाला दगड लावलेला. त्याच्या आतली भातजमीन म्हणजे खार, आणि बाहेर भरतीखाली जाते ते खाजण. हे दोन शब्द अदलाबदल झाले की जमिनीचे वर्णनच उलटते. बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपेची वाट, असते: ओहोटीला आतल्या पाण्याने झाप बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. 'खांड पडली' म्हणजे बांध फुटला. सुरुवात बहुधा खेकड्याच्या बिळातल्या पाझराने होते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती जागा वाहून जाते.

घाटाचे तीन अर्थ ठाण्यातच भेटतात. गायमुख घाट हा चढाचा रस्ता, विसर्जन घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि 'घाटावरचा' माणूस सह्याद्रीपलीकडच्या देशावरचा.

माचीचेही तसेच. राजगडावर माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सोंड. पनवेलजवळ प्रबळमाची हे डोंगराच्या पदरातल्या सपाटीवरचे गाव. कातळ ठाण्यात काळा बसाल्ट, रत्नागिरीकडे जांभा. तिकडे सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, आपल्याकडे अंगणात शिंपतात तो.

डोंगरातले शब्द १:५०,००० च्या नकाशावर ताडून घ्या. समोच्च रेषांचे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) टोक चढाकडे वळले तर घळ किंवा नाळ, म्हणजे डोंगरातली खोलगट वाट; उताराकडे वळले तर सोंड, म्हणजे खाली उतरत गेलेली धार. रेषा एकमेकींना चिकटल्या तर कडा. मात्र दोन रेषांत साधारण २० मीटर उंचीचे अंतर असते, त्यामुळे दहा-पंधरा मीटरचा कडा रेषांत सापडेलच असे नाही. रेषा विरळ दिसल्या म्हणून वाट सोपी धरू नका.

शेवटी गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, पण 'हा बांध ना?' असे नको; पाहुण्याचे मन राखायला 'हो' म्हणतात. 'याला तुम्ही काय म्हणता?' असे विचारा. आलेला शब्द तसाच लिहा, आणि शेजारी उंची, रुंदी, माती की दगड, हे टिपून ठेवा.