अजिंठ्यात बौद्ध विचारांचा प्रवास कसा पाहावा

जळगावहून सकाळची एसटी धरा, फर्दापूर फाट्यावर उतरा. सोमवारी लेणी बंद असतात.

लेण्यांचे क्रमांक जागेनुसार आहेत, काळानुसार नाहीत. म्हणून १ पासून सुरुवात केली की गोंधळ होतो. आधी १० क्रमांकाचं लेणं गाठा. तिथला इसवी सनापूर्वीचा स्तूप अगदी साधा, त्यावर बुद्धमूर्ती नाही. खांबांवर रंगवलेले बुद्ध मात्र नंतरचे, पाचव्या शतकातले, तिथे फसू नका. मग थेट १९: इथे स्तूपातूनच बुद्ध उभा राहिलेला दिसतो. बुद्धाला मूर्तिरूपात पुजणाऱ्या महायान पंथाचं वळण इतकं लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसेल, दहा मिनिटं तरी थांबाच. पुढे २६ मध्ये डावीकडे महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटरची मूर्ती आहे. परतताना १७ च्या ओसरीत डाव्या भिंतीवर भवचक्राचे, म्हणजे जन्म-मृत्यूच्या फेऱ्याच्या चित्राचे, अवशेष शोधा. तिबेटी मठांच्या दाराशी आजही हेच चक्र रंगवतात.