कॅनडात कामाला असाल तर पीआरची (कायम राहायच्या परवान्याची) फाईल अशी लावा

कोल्हापूरची बरीच पोरं आता वर्क परमिटवर कॅनडात हाईत, त्यांच्यासाठी लिहितोय. तिथं स्किल्ड कामाचं १ वर्ष म्हणजे १५६० तास मागच्या ३ वर्षांत भरले असतील तर एक्सप्रेस एंट्रीतनं (पॉइंटवर नंबर लागणारी पीआरची ऑनलाइन पद्धत) कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासला, म्हणजे कॅनडात काम केलेल्यांच्या गटात, प्रोफाईल टाकता येतं, फुलटाइम शिकताना केलेलं काम मात्र त्यात धरत नाहीत.

आधी आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा द्या, रिझल्ट २ वर्षं चालतो. शिवाजी विद्यापीठाच्या डिग्रीचे पॉइंट पायजे असतील तर ईसीए (डिग्री कॅनडाच्या कुठल्या शिक्षणाबरोबरीची हे तपासून घेणं) करा, वेस या तपासणाऱ्या संस्थेकडनं केलात तर ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातनं थेट त्यांच्याकडं जावं लागतं, त्यामुळं घरच्या कुणालातरी विद्यापीठात पाठपुरावा करायला आत्ताच सांगून ठेवा भावांनो, खरा वेळ इथंच जातो.

पीआरच्या अर्जाचं इन्व्हिटेशन आलं की ६० दिवसांत सगळं अपलोड करायचं असतंय. कंपनीच्या लेटरवर पद, पगार, आठवड्याचे तास आणि कामाचं स्वरूप पायजेच, नुसतं 'हा आमच्याकडं होता' एवढ्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो. भारताचं पोलीस क्लिअरन्स तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत मिळतं, त्यासाठी कोल्हापूरला यायची गरज नाही.