हार्डविक हॉल कसा पाहावा

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात एका टेकडीवर उभा असलेला हार्डविक हॉल पाहायला जाणाऱ्याने थेट दारातून आत शिरू नये. पश्चिमेकडील दर्शनी बाजूच्या अंगणात थांबून आधी खिडक्या पाहाव्यात, आणि जमल्यास दुपार कलल्यावर जावे, कारण तेव्हा ऊन समोरून काचांवर येते. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच बेस ऑफ हार्डविक, हिने १५९० च्या दशकात हे घर बांधून घेतले. त्याचा आराखडा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. काच महाग असण्याच्या त्या काळात ‘भिंतीपेक्षा काचच जास्त’ अशा अर्थाची यमकबद्ध म्हण या घरावरून पडली, ती उगाच नव्हे.

आता नजर खालून वर न्यावी. तळमजल्यावरच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्यावरच्या त्याहून उंच आणि दुसऱ्यावरच्या सर्वांत उंच आहेत. तळाशी स्वयंपाकघर व नोकरवर्ग, मध्ये बेसचे रोजचे राहणे आणि सर्वांत वर मानाच्या पाहुण्यांसाठीची दालने, अशी ही मांडणी असून खोलीचा मान जितका मोठा तितके तिचे छत उंच ठेवले आहे. माथ्यावर सहा मनोरे आहेत आणि त्यांच्या कठड्यांवर बेसच्या नावाची ‘ई’ व ‘एस’ ही इंग्रजी आद्याक्षरे दगडात कोरून बसवली आहेत. विनय हा या बाईंचा गुण नव्हता, हे तिथेच समजते.

बाहेरची समरूपता मात्र जशीच्या तशी खरी धरू नये. धुराडी आतल्या भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती काचेसाठी मोकळ्या राहिल्या, तरीही काही खिडक्यांमागे खोली नसून भिंत किंवा धुराडेच आहे. अशा खोट्या खिडक्या आत गेल्यावर शोधाव्यात.

आत शिरताच हॉलची, म्हणजे प्रवेशाच्या मोठ्या दालनाची, दिशा पाहावी. जुन्या इंग्रजी घरांत तो दर्शनी भिंतीला समांतर असे आणि त्यात एका टोकाने प्रवेश होई. इथे तो घराच्या मधोमध, समोरून मागे असा घर छेदून जातो. तिथून दगडी जिना सावकाश चढावा, कारण अंधार-उजेडातून वळत जाणारा हा जिना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या भव्य दालनाची पूर्वतयारीच आहे. त्या दालनात भिंतींच्या वरच्या भागात रंगवलेल्या गिलाव्याचा रुंद पट्टा असून त्यात वनदेवता डायना आणि शिकारीचे प्रसंग आहेत. पुढची लांब गॅलरी सुमारे ५० मीटरची आहे; भिंतींवरचे विणलेल्या चित्रांचे पडदे (टॅपेस्ट्री) जपण्यासाठी तिथे उजेड कमी ठेवतात, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे.

परतताना शेजारच्या जुन्या हॉलच्या अवशेषांकडे वळावे. तोही बेसनेच बांधवला, पण त्याची वाढ तुकड्यातुकड्याने झाली, त्यामुळे तिथल्या खिडक्यांच्या रांगा नव्या घरासारख्या जुळत नाहीत.