तेरेखोल ते पोळे, एका दमात: या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की माझा फोन वाजू लागतो. "काका, गोवा पूर्ण धावायचाय. उत्तरेच्या तेरेखोलपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत. एकट्याने. रेकॉर्ड करायचंय." मी विचारतो, "कुठल्या तिथीला?" पलीकडचा गप्प. त्याला वाटतं काका मुहूर्त काढतायत.

मी स्वतः धावणं सोडून बरीच वर्षं झाली, गुडघ्यांनी हात जोडले. आता दुसरे धावतात आणि मी जुन्या ओम्नीत पाणी, पेज आणि पट्ट्या घेऊन मागे असतो. किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्या वाटेचे साधारण दीडशे किलोमीटर भरतात. एवढ्या वेळा ही वाट केल्यावर एक गोष्ट नक्की कळलीय: वेळ धावण्यात जात नाही, थांबण्यात जाते. आणि थांबावं का लागलं हे पाहिलं, तर कारण बहुतेकदा घरी बसून नकाशा बघतानाच घडलेलं असतं.

पौर्णिमेचं चांदणं

एक मुलगा होता, नाव नको. पाय हरणाचे. त्याने दिवस निवडला पौर्णिमेचा. का, तर रात्री चांदणं मिळेल, विजेरीचं वजन वाचेल. कल्पना ऐकायला काव्यमय आहे. पहाटे सहाच्या सुमारास त्याने तेरेखोलच्या किल्ल्यापाशी फोटो काढला, घड्याळाचं बटण दाबलं आणि उतारावरून सुसाट धक्क्यावर आला. पलीकडे केरीच्या बाजूला मी गाडी लावून उभा. मध्ये नदी. फेरीबोट पलीकडेच थांबलेली.

"सुकती आसा रे, राव मात्शें," फेरीवाला म्हणाला. पाणी ओसरलेलं, धक्क्याला बोट लागेना.

पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे भरती साधारण अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. आणि ते दिवस उधाणाचे, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिथीला पाऊणपट करा, भरतीचा तास येतो, हा त्यांचा जुना हिशेब. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मोबाइलमधल्या हवामानाच्या चित्रांपेक्षा हा हिशेब मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्थात अंतिम वेळ मी मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घेतो.

तर हा मुलगा एक तास चाळीस मिनिटं धक्क्यावर येरझारा घालत राहिला. अशा विक्रमात घड्याळ थांबत नाही. फेरीची वाट, झोप, शौच, फोडाला सुई लावणं, सगळं त्याच वेळेत. केरीला उतरला तेव्हा चेहरा लाल. मी म्हटलं, "आज परत जाऊ. पुढच्या आठवड्यात ये." ऐकेल तर तो नवशिक्या कसला! म्हणाला, "भरून काढतो."

ही 'भरून काढतो' म्हणणारी जात मला ओळखता येते. हरमल, मांद्रे, मोरजी त्याने असे मारले की शिवोलीच्या पुलावर मला गाडी दामटावी लागली.

माझी पद्धत आता अशी आहे. वेळसावपासून मोबोरपर्यंत सलग पंचवीसेक किलोमीटर वाळू आहे. ती ओल्या, घट्ट वाळूवरून धावायला मिळाली तर विश्रांती, भरतीच्या भुसभुशीत पट्ट्यावरून धावावी लागली तर शिक्षा. तिथे आपण संध्याकाळी सातच्या पुढे पोहोचणार. म्हणून रात्री दहा-साडेदहाला ओहोटी हवी. तशी असली की सकाळीही दहाच्या सुमाराला ओहोटी असते, म्हणजे सातला तेरेखोलला फेरीपुरतं पाणी असतं आणि मोरजीचा किनारा उघडा मिळतो. भरती येते दुपारी चारला, तेव्हा आपण पणजी-आगशीच्या डांबरावर. हे सगळं जुळतं पंचमी-षष्ठीच्या आसपास. चांदण्याऐवजी विजेरी न्या. दोन न्या.

पाणी, पाणी आणि पाणी

त्याच मुलाची दुसरी चूक, आणि यात अर्धा वाटा माझा. नदीवर गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून तो थांबायचा नाही. चालत्या पायी बाटली घ्यायचा, रिकामी फेकायचा, पुढच्या ठिकाणी दुसरी. दर पंधरा मिनिटांनी प्यायचं असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. मीही देत गेलो. ऊन होतं, दमट हवा होती, घाम वाळतच नव्हता. मला वाटलं, शहाणा आहे, पाणी पितोय.

कुठ्ठाळीला तो म्हणाला, मळमळतंय. वेळसावला घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. माजोर्ड्याच्या पुढे अंधारात मला म्हणाला, "काका, अंगठी निघत नाही." बोटं भज्यांसारखी फुगलेली. नव्वद किलोमीटर धावलेला माणूस वाळलेला दिसायला हवा. गाडीतल्या वजनकाट्यावर उभा केला, तर सकाळपेक्षा पावणेदोन किलो जास्त. मग त्याने मला विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे. समुद्र वीस पावलांवर होता.

त्या क्षणी मी विक्रम वगैरे विसरलो आणि थेट इस्पितळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला: किती पाणी प्यायला? सोडियम १२४ निघालं, १३५ च्या खाली गेलं की कमी धरतात. नुसतं पाणी भरमसाट पोटात जातं, लांब श्रमात मूत्रपिंड ते बाहेर टाकायला कुचराई करतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ लागते. माणूस मरतो यात. दोन दिवसांनी तो घरी गेला, हसत. मी हसलो नाही.

यावर नवशिके म्हणतात, मग मिठाच्या गोळ्या घेऊ. घ्या, पण गोळी ही बादलीभर पाणी पिण्याची परवानगी नाही. गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलं तर गोळ्याही वाचवत नाहीत. तहान लागली की प्या, नाही लागली तर बाटली हातात नुसती धरा. मी दर वीस-पंचवीस किलोमीटरला वजन करतो. किलो-दोन किलो उतरलं तर मला आनंद होतो, चढलं तर बाटल्या गाडीत बंद. खायला खारी पेज, सोबत लिंबाचं लोणचं, मध्येच पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पावाबरोबर पातळ भाजी. महागड्या जेलच्या पुड्या मी कुणाला नको म्हणत नाही, पण सत्तर किलोमीटरनंतर त्या पुड्या तशाच परत येतात आणि पेजेचं भांडं रिकामं होतं. आणि डोकं दुखतंय, ओकारी येतेय, बोलणं भरकटतंय असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, इस्पितळात जा आणि किती पाणी प्यायला ते आधी सांगा.

वाट नंतर ठरवू

असले विक्रम 'सगळ्यात कमी ज्ञात वेळ' या प्रकारात मोडतात. त्यात तुम्ही तिघांपैकी एक असता. गाडी, माणसं, मदत घेऊन धावणारे. दुकानातून विकत घेऊन, इतर कुणालाही मिळेल तेवढंच वापरून स्वतःचं स्वतः भागवणारे. आणि सुरुवातीपासून सगळं पाठीवर घेऊन, वाटेत फक्त पाणी भरणारे. अमेरिकेच्या अपालाचियन ट्रेलवर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर, २०२४ मध्ये टारा डॉवरने मदतीसह ४० दिवस १८ तास ६ मिनिटं लावली. त्याच वर्षी जेफ गारमायरने स्वतःचं स्वतः भागवत ४५ दिवसांहून थोडी जास्त. दोन्ही विक्रम आपापल्या जागी मोठे. तुमचा प्रकार निघण्यापूर्वी जाहीर करा. 'बिनमदतीचा' म्हणून निघालात आणि कळंगुटला मित्राने शहाळं फोडून दिलं, की तो प्रकार तिथेच संपला. मित्राचा राग करू नका, त्याला आधी सांगितलं नव्हतं ही चूक तुमची.

वाटही तशीच. मांडवी फेरीने की पुलाने? हे आधी लिहा, कारण पुढचा माणूस तुमच्याच रेषेवरून धावणार आहे. मोबोरला तर मजाच होते. नकाशावर वाळूची जीभ दिसते, पलीकडे बेतुल हाताच्या अंतरावर. माणूस ऐटीत टोकापर्यंत धावतो आणि समोर साळ नदी. एकाने तिथून मासेमाराच्या होडीतून पलीकडे उडी घेतली आणि संध्याकाळी मला विचारलं, चालेल ना? नाही चालणार, बाबा, ती आधी लिहिलेली वाट नव्हे. परत फिरा, असोळण्याच्या पुलावरून या. टोकाला जायचंच नाही हे ज्यांना आधी माहीत असतं ते केळशीच्या अलीकडूनच आत वळतात.

जंगलातून गेलं तर?

दरवर्षी एखादा म्हणतो, किनारा कंटाळवाणा, सत्तरीतून म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव असं करत उतरू. रात्रीसुद्धा. ही अभयारण्यं आहेत. वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर मी गाडीची चावी लावत नाही. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की गोव्यात वाघ आहेत. सत्तरीवाल्यांना आधीपासून माहीत होतं. स्कॉट जुरेकने २०१५ मध्ये अपालाचियन ट्रेल ४६ दिवस ८ तास ७ मिनिटांत संपवली आणि कटाडीन शिखरावर शॅम्पेन उघडली. उद्यानाच्या रेंजरांनी हातात समन्स ठेवलं, पुढे पाचशे डॉलर दंड. एवढा मोठा धावपटू, पण नियम तो नियम.

किनाऱ्यावरही हेच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कपाळावरच्या झगझगीत विजेरीने कासवीण परत फिरते, पिल्लं भलतीकडे सरकतात. आगोंद आणि गालजीबाग आपल्या वाटेत रात्री किंवा पहाटे येतात, तिथे मी माणसाला रस्त्यावर घेतो. अंतर दोन-तीन किलोमीटर वाढतं. वाढू दे.

बाकीच्या, झटपट

घड्याळातलं 'आपोआप थांब' बंद करा. नाहीतर फेरीवरचा वेळ घड्याळच गिळतं आणि पुरावा म्हणून दिलेली नोंद खोटी ठरते.

नोंद दोन यंत्रांवर घ्या. मी तर वहीतही लिहितो, ठिकाण आणि वेळ.

नवे बूट. यावर मी आता बोलतही नाही.

दक्षिणेकडे धावताना समुद्र उजव्या हाताला, किनारा उजवीकडे उतरता. तासन्‌तास उजवा पाय खाली, डावा वर. बाणावलीपर्यंत एक गुडघा बाहेरच्या बाजूने कुरकुरतो आणि लोक बुटाला दोष देतात. सपाट ओली वाळू शोधा, मिळाली नाही तर अधूनमधून आतल्या रस्त्याला या.

मांड्या आणि काखा सोलल्या जातात. सुरुवातीलाच व्हॅसलीन, सोलल्यावर नव्हे.

पहाटे किनाऱ्यावर कुत्र्यांची टोळी दिसली की धावू नका, चाला. ती तुमचा वेग बघूनच उठतात.

नाताळ ते एक जानेवारी येऊ नका. बागा ते कांदोळी माणसांतून वाट काढताना माझा आवाज बसला होता.

या मोसमात तिघांचे फोन आलेत. एकाला पौर्णिमाच हवी आहे. त्याला मी म्हटलं, आधी एकदा पहाटे पाचला तेरेखोलच्या धक्क्यावर येऊन उभा राहा, चहा माझ्याकडून. अजून आलेला नाही.