जुन्या ऐरणीची पारख

विदर्भातल्या खेड्यांत जुनी ऐरण सहसा बंद पडलेल्या लोहारसाळेत किंवा तालुक्याच्या गावच्या भंगारवाल्याकडे सापडते. ती घेण्यापूर्वी तिची जात ओळखावी. आपल्याकडची मूळ ऐरण म्हणजे शिंग (बाजूला निघालेले निमुळते टोक) नसलेला, बाभळीच्या ओंडक्यात रोवलेला चौकोनी ठोकळा. वखराच्या पासा, तिफणीचे फण आणि विळे याच ठोकळ्यावर घडत आले. शिंगाची विलायती ऐरण मात्र बहुधा कारखान्यातून आलेली असते. नागपूरला 1867 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि अशा ठिकाणच्या दुरुस्तीखात्यांना भारी ऐरणी लागत. म्हणून खेड्यात विलायती ऐरण दिसली, तर ती एखाद्या लिलावातून बाहेर पडली होती का, याची विचारपूस आधी करावी. रुळाच्या तुकड्याची ऐरणही पुष्कळ दिसते. तिच्या बाजूवर उठावात असलेले कंपनीचे नाव आणि साल हे रुळाचे असते, ऐरण केव्हा केली ते त्यावरून कळत नाही.

खांडेनवमीला आणि दसऱ्याला ऐरणीची पूजा होत असल्यामुळे तिच्या अंगावर तेल, शेंदूर आणि हळद-कुंकवाचे थर बसलेले असतात आणि बनवणाऱ्याचा शिक्का नेमका त्यांच्याखाली दबतो. मालकाला विचारल्याशिवाय हे थर काढू नयेत. परवानगी मिळाल्यावर रॉकेलच्या फडक्याने कमरेचा, म्हणजे माथा आणि पाया यांच्यामधला, भाग पुसावा, त्यावर खडू घासावा आणि अंधारात टॉर्च अगदी आडवी धरावी. दिवसा सपाट दिसणारे लोखंड अशा प्रकाशात अक्षरे दाखवू लागते. डडलीच्या पीटर राइटचे नाव आणि शेफील्डच्या माउसहोल फोर्जचे नाव हे इंग्लंडचे दोन प्रसिद्ध शिक्के होत.

इंग्लिश ऐरणीच्या कमरेवर बहुधा तीन आकडे सुटे सुटे कोरलेले असतात, आणि भंगारवाले त्यांना हमखास साल किंवा नंबर समजतात. प्रत्यक्षात ते वजन असते: पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांच्या पटीतला, दुसरा त्याच्या पाव भागाचा, म्हणजे 28 पौंडांच्या पटीतला, आणि तिसरा सुट्या पौंडांचा. 1-2-14 असे असेल तर 112, 56 आणि 14 मिळून 182 पौंड, म्हणजे सुमारे साडेब्याऐंशी किलो. मधला आकडा 3 च्या वर किंवा शेवटचा 27 च्या वर असेल, तर ही पद्धत तिथे लागू नाही. वजनकाट्यावर ऐरण बरीच हलकी भरली, तर तिचा काही भाग तुटला आहे का, ते पाहावे.

जुन्या घडीव ऐरणीचे अंग मऊ लोखंडाचे आणि माथ्यावर पोलादाची पट्टी तापवून जोडलेली असते, त्यामुळे सारा जीव त्या पट्टीत असतो. लहान हातोडीने माथा इंचाइंचावर ठोकून पाहावा. आवाज सगळीकडे खणखणीत असून एकाच जागी बद्द झाला, तर तिथे पट्टी सुटल्याचा संशय घ्यावा. मात्र ओंडक्यात घट्ट रोवलेल्या ऐरणीचा नाद मुळातच दबतो, एवढ्यावरून तिला बाद करू नये. बेअरिंगची इंचभर जाडीची गोळी दहा इंचांवरून सोडल्यावर सात इंच किंवा अधिक उसळली, तर माथा चांगला. बिडाच्या ऐरणीवर ती जेमतेम उठते. कडा थोड्या उडालेल्या आणि माथा मध्ये किंचित बसलेला असणे ही वापराची खूण आहे, दोष नव्हे.

तो बसलेला माथा ग्राइंडरने सपाट करून विकण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते, कारण मुळातच पातळ असलेली पोलादी पट्टी त्यात निघून जाते आणि ऐरण कामाचीही राहत नाही, संग्रहाचीही नाही. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की पुरे.

शिक्का नसलेल्या गावठी ठोकळ्याचे वय लोखंडावरून ठरत नाही, म्हणून तो घेताना कोणत्या घरात किती पिढ्या तो चालला, त्यावर कोणती अवजारे घडली आणि ओंडका कशाचा होता, हे मालकाकडून विचारून वहीत लिहून ठेवावे. माझ्या मते संग्रहात विलायती नावांपेक्षा या नोंदी मोलाच्या ठरतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायचा विचार असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याची माहिती आधी घ्यावी.