मानसशास्त्राला प्रवेश घेताय? या चुका टाळा

"मैत्रिणी मनातलं सगळं मलाच सांगतात, म्हणून मी मानसशास्त्र घेणार." बारावीनंतर हे कारण हमखास ऐकायला मिळतं. कारण वाईट नाही. ज्याच्यापाशी माणसं मोकळी होतात त्याच्याकडे काहीतरी असतंच. पण पदवीच्या वर्गात त्या गुणाची पारख फार उशिरा होते. आधी गाठ पडते ती सांख्यिकीशी, जाडजूड इंग्रजी पुस्तकांशी आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलशी. पहिल्या सेमिस्टरला जे गोंधळतात ते हुशारीत कमी असतात असं नाही. हा विषय आपल्याला थोडाफार येतोच, असं धरून ते आलेले असतात. खालच्या बहुतेक चुका त्या एका समजुतीतून निघतात.

"हे तर माहीतच होतं"

'अतिपरिचयात अवज्ञा' असं आपण म्हणतो आणि 'सहवासानं माया लागते' असंही म्हणतो. दोन्ही पटतं, कारण काय घडलं ते कळल्यावरच आपण त्यातलं सोयीचं वाक्य काढतो. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चिन्हं नुसती वारंवार दिसली तरी ती अधिक आवडू लागतात. हे वाचून "यात नवीन काय?" असं वाटलं, तर वाचण्याची पद्धत बदलायला हवी.

संशोधनाचा परिच्छेद वाचताना पद्धत संपली की थांबा. निकाल हातानं झाका. काय झालं असेल ते एका ओळीत लिहा, तेही पेननं, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. मग हात काढा. आठवड्याला पाच प्रयोग असे वाचले की आपला अंदाज कुठे आणि किती चुकतो याचा हिशेब वहीतच दिसू लागतो.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या धर्मगुरूंना लोक संमोहनासाठी ओळखतात. विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून उचलावं असं त्याहून मोलाचं काही आहे. संमोहन करणाऱ्याकडून कसलासा चुंबकी प्रवाह वाहतो, असं त्या काळी पॅरिसमध्ये मानलं जाई. फारियांनी तो प्रवाह नाकारला आणि जे घडतं ते समोरच्याच्याच मनात, सूचनेमुळे घडतं असं मांडलं. परिणाम डोळ्यांसमोर दिसत असतानाही त्याचं रूढ कारण तपासून पाहायचं, ही सवय या अभ्यासाला सगळ्यात जास्त लागते.

आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं, ही समजूत

सुटत नाही. मात्र लागणारं गणित दहावीपर्यंतचंच आहे: टक्केवारी, ऋण संख्या, वर्ग आणि वर्गमूळ, आलेख वाचणं. कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे रोज अर्धा तास दिला तरी भागतं.

प्रमाण विचलनाचं, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाचं उदाहरण घ्या, कारण पहिली अडखळ इथेच होते. गुण ४, ६, ८, १०, १२. मध्यमान (सरासरी) ८. प्रत्येक गुणातून ८ वजा केले की −४, −२, ०, २, ४. यांची बेरीज शून्यच यायला हवी. आली नाही तर पुढे जाऊ नका, चूक इथेच आहे. वर्ग १६, ४, ०, ४, १६ आणि त्यांची बेरीज ४०. आता ५ नं भागलं तर ८ आणि वर्गमूळ २.८३. ४ नं भागलं तर १० आणि वर्गमूळ ३.१६. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. या पाच जणांपुरतंच बोलायचं असेल तर ५ नं भागायचं, आणि पाच जणांवरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर ४ नं. सायंटिफिक कॅलक्युलेटरवर दोन्हींची बटणं वेगळी असतात. उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर आधी बटण तपासा.

आकडेमोडीपेक्षा अर्थ लावताना जास्त गुण जातात. पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणजे "आमचं गृहीतक ९५ टक्के खरं" असं लिहिलं जातं. ते चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी होती.

दुसरी चूक प्रोजेक्टमध्ये वारंवार होते. चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं निवडली, त्यांना महिनाभर ध्यान शिकवलं, पुढच्या चाचणीत सरासरी वाढली, म्हणून ध्यानाचा फायदा झाला. पण ध्यान न शिकवताही ही सरासरी थोडी वर आली असती. तळातल्या दहांत त्या दिवशी ताप असलेला, प्रश्न चुकून उलटा वाचलेला असा कुणीतरी असतोच, आणि पुढच्या वेळी तो आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणून तितकेच कमी गुण असलेला, पण ध्यान न शिकवलेला दुसरा गट हवा.

जर्नल घरी बसून भरणं

आदल्या रात्री मनानं आकडे भरलेलं जर्नल लगेच ओळखू येतं, कारण खऱ्या माणसाचे आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत. बहुतेक वेळा त्यामागे आळसापेक्षा "प्रयोग फसला" ही भीती असते. प्रयोग कुठे बिघडतो ते माहीत असलं की ती भीती कमी होते.

म्युलर-लायर भ्रमात टोकांच्या बाणांच्या दिशेमुळे सारख्याच दोन रेषा लहान-मोठ्या वाटतात. प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, सरकती पट्टी हलवून त्या समान करतो. नेहमीची चूक म्हणजे पट्टी दर वेळी लांब ठेवूनच सुरुवात करणं. मग डोळ्याच्या भ्रमात हाताच्या हालचालीची त्रुटी मिसळते. २० प्रयत्न घ्यायचे असतील तर १० लांबीकडून सुरू करा, १० आखूडाकडून. त्या प्रत्येक दहांत पाच वेळा बाणाची बाजू डावीकडे ठेवा, पाच वेळा उजवीकडे. क्रम आधीच कागदावर लिहून घ्या. पाठीमागचं मोजमाप प्रयोज्याला दिसू देऊ नका आणि "अजून थोडं" असं तोंडातून जाऊ देऊ नका. निकाल उलटा आला तर वाचन खोडू नका. तो तसा का आला असेल याची चर्चा लिहा. शिकण्यासारखं त्या अर्ध्या पानातच असतं.

स्ट्रूप प्रयोगात आपल्याकडे एक खास अडचण येते. लाल शाईत 'निळा' लिहिलेलं असताना शाईचा रंग सांगायला वेळ लागतो, कारण शब्द आपोआप वाचला जातो. तो आपोआप वाचला गेला नाही, तर अडथळाही कमी येतो. घरातल्या आजीला इंग्रजी कार्डं दिली आणि तिला फारसा वेळ लागला नाही, तर तिचं लक्ष विलक्षण आहे असा निष्कर्ष काढू नका. ती इंग्रजी सावकाश वाचते, एवढंच. कार्डं त्या व्यक्तीला सगळ्यात सहज वाचता येणाऱ्या लिपीत करा, आणि कोणती लिपी वापरली ते जर्नलमध्ये नोंदवा.

ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

गोव्यात प्राथमिक शाळा मराठीत आणि पुढचं सगळं इंग्रजीत, असा अनेकांचा प्रवास असतो. तरी खरा त्रास कठीण शब्दांचा होत नाही, ते शब्दकोशात सापडतात. फसवतात ते सोपे शब्द. 'निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट' म्हणजे शिक्षा, असं दरवर्षी कितीतरी उत्तरपत्रिकांत येतं. जूनच्या पावसात छत्री उघडली, भिजणं थांबलं, म्हणून पुढच्या वेळी ढग दिसताच छत्री उघडली. नकोशी गोष्ट टळली आणि वर्तन वाढलं, ते ऋण प्रबलन. शिक्षेनं वर्तन कमी होतं. तसंच सांख्यिकीतल्या 'सिग्निफिकंट'चा अर्थ 'महत्त्वाचा' नव्हे, आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे.

वहीत तीन रकाने करा: इंग्रजी संज्ञा, स्वतःच्या मराठीत किंवा कोकणीत एका वाक्यात अर्थ, आणि पुस्तकात नसलेलं उदाहरण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती संज्ञा अजून कळलेली नाही.

ग्रुपवर लिंक टाकली, झालं सर्वेक्षण

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म टाकला, साठ उत्तरं आली, आणि प्रोजेक्टचं नाव 'गोमंतकीय तरुणांमधील ताण'. साठही जण एकाच कॉलेजचे, इंग्रजी वाचणारे, एकोणीस-वीस वर्षांचे. सत्तरी किंवा काणकोणातला, शिक्षण सोडून कामाला लागलेला तरुण त्यात कुठे आहे? एक तर नाव लहान करा, नाही तर नमुना वाढवा. चतुर्थीच्या आठवड्यात ताण, झोप किंवा मनःस्थिती मोजू नका. त्या दिवसांत घराघरातलं जागरण, पाहुणे आणि खर्च सगळं वेगळं असतं.

प्रश्नावली भाषांतरित करायची असेल तर आधी मूळ लेखकाची परवानगी लागते का ते पाहा. एकानं मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ती पुन्हा इंग्रजीत न्यायची, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवायची. मग आठ-दहा जणांना वाचायला देऊन कुठे अडतात ते विचारायचं. गुण देताना उलटी विधानं, म्हणजे ताणाच्या प्रश्नावलीत 'मी शांत असतो' यासारखी, विसरू नका. पाच बिंदूंच्या मापनात अशा विधानाला ६ वजा उत्तर इतके गुण. प्रश्नावलीची विश्वसनीयता अचानक फार कमी आली, तर आधी हेच राहिलं आहे का ते पाहा.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली?

यावर जरा जास्त थांबायला हवं, कारण इथली चूक गुणांपुरती राहत नाही. "पेडण्यातल्या एका गावातली ३४ वर्षांची अंगणवाडी सेविका, नवरा दोन वर्षांपूर्वी बोटीवरची नोकरी सोडून परत आलेला." नाव कुठेच नाही, तरी त्या वाड्यावरच्या कुणालाही अर्धं वाक्य पुरेल. गोवा लहान आहे. तुमच्या बाकावरची मुलगी त्या बाईची भाची असू शकते. वय '३० ते ४०' करा, गावाऐवजी 'उत्तर गोवा' लिहा, नोकरी 'मानधनावरचं काम' म्हणा, आणि बोटीचा उल्लेख विश्लेषणाला लागत नसेल तर काढून टाका.

नावांऐवजी संकेतांक द्या. नाव आणि संकेतांकाची यादी उत्तरांपासून वेगळ्या ठिकाणी, शिक्षकांच्या ताब्यात असावी. ऑनलाइन फॉर्मला ईमेल आपोआप जमा करणारी सेटिंग असते, ती आधी बंद करा. मुलाखतीचं रेकॉर्डिंग घरच्यांच्या सामायिक फोनवर नको. सहभागी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती हवी आणि त्याची स्वतःचीही. कुठल्याही क्षणी, कारण न देता थांबता येईल, हे संमतिपत्रावर ठळक लिहा.

गुप्ततेलाही मर्यादा असते आणि ती मुलाखतीआधीच सांगावी लागते. स्वतःला इजा करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. तो संमतिपत्राच्या तळाशी छापूनच ठेवा.

पदवी हाती आली की दवाखाना

बी.ए. झालं म्हणजे उपचार करता येतात असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी परिषदेनं मान्य केलेलाच अभ्यासक्रम चालतो. या अभ्यासक्रमांची रचना अलीकडे बदलते आहे, म्हणून जुन्या सिनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, परिषदेची चालू यादी पाहा. दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्राला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे, तेव्हा तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आहे. आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट्स आणि चार वर्षांना १६०. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. "पहिलं वर्ष मजेत काढू" म्हणणाऱ्यांना हे पाचव्या सेमिस्टरला कळतं.

पुस्तकातला प्रत्येक आजार स्वतःत दिसणं

विकृती मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की हे होतंच. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही होतं. लक्षणांची यादी वाचली जाते आणि बाकीच्या अटी निसटतात. डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेनुसार तीव्र नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे लागतात. त्यात उदास मन किंवा रस संपणं यातलं एक असावंच लागतं. शिवाय त्यानं लक्षणीय त्रास होत असावा किंवा रोजचं जगणं बिघडलेलं असावं लागतं. हे निदान तुम्ही स्वतःचं करू नका, आईबाबांचं किंवा रूममेटचं तर नाहीच.

आपलं दुखणं समजून घ्यायला मानसशास्त्र घेणारे बरेच असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण वर्ग हा उपचार नव्हे. आघात किंवा आत्महत्येवरचं प्रकरण वाचताना झोप जात असेल, वर्गात बसवत नसेल, तर ते दोन-तीन आठवडे अंगावर काढू नका. १४४१६ आहे, बांबोळीची आयपीएचबी ही मनोरुग्णांवर उपचार करणारी संस्था आहे, कॉलेजचा समुपदेशक आहे. फक्त जे शिक्षक तुमचे पेपर तपासतात, त्यांच्याकडेच समुपदेशन घेऊ नका. त्यांच्यापाशी मन मोकळं करून पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडूनच गुण घेणं दोघांनाही अवघड जातं. त्यांना एवढंच सांगा की मला बाहेर कुणाशी तरी बोलायचं आहे, नाव सुचवा.