बॅकअप होता, पण चालू होईना

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान. बिलिंगला कॉम्प्युटर एकच. गड्डा जत्रेच्या ऐन गर्दीत त्याची हार्डडिस्क टकटक करायला लागली आणि संध्याकाळपर्यंत बसलीच.

मी निवांत होतो. कपाटात क्लोन केलेली, म्हणजे जुन्या डिस्कची नक्कल उतरवलेली एसएसडी तयार होती ना! ती जोडली, तर काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क, सापडत नसल्याचा निरोप. बाहेर गिऱ्हाईक उभं आणि मी हातानं बिलं फाडतोय.

चूक माझीच. मी फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला होता. यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या मशीनमध्ये विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स ईएफआय नावाच्या वेगळ्या, लहानशा पार्टिशनमध्ये (डिस्कच्या भागात) असतात. ते माझ्या क्लोनमध्ये नव्हतंच. रात्री विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडला, डिस्कपार्ट या कमांडनं सी थोडा आक्रसून फॅट-३२ प्रकारचं ईएफआय पार्टिशन बनवलं आणि त्यात सुरुवातीच्या फाइल्स टाकणारी बीसीडीबूट ही कमांड चालवली. विंडोज उघडलं तेव्हा एक वाजला होता; कडक भाकरी तशीच राहिली.

आता क्लोनझिला या क्लोन करणाऱ्या सॉफ्टवेअरनं अख्खी डिस्क डिस्कवर उतरवतो. दुसरी डिस्क निदान पहिलीएवढी मोठी हवी. क्लोन झाला की मशीन बंद करून जुनी डिस्क काढतो. दोन्हींचा ओळख क्रमांक एकसारखा असतो, एकत्र ठेवल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं. मग क्लोनवरूनच मशीन सुरू करून एक बिल छापून बघतो. रोजच्या बिलांचा डेटा मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर जातो. कारण क्लोन महिन्यातून एकदाच होतो.